मिलेनियल म्हणजे २००० नंतर जन्मलेले नव्हेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'मिलेनियल' म्हणजे २००० सालानंतर जन्मलेली मुलं, असं छापून आलं. हे चूक आहे. विल्यम स्ट्राउस आणि नील हाव या अमेरिकन लेखकांनी हे नाव १९८२पासून जन्मलेल्यांना दिलं, कारण त्यांच्यातली पहिली मुलं २००० साली शाळेतून बाहेर पडणार होती. त्यांचं 'जनरेशन्स' हे पुस्तक १९९१चं. अमेरिकेतली प्यू ही संशोधन संस्था १९८१ ते १९९६ हा जन्मकाळ धरते. सहस्रक बदललं तेव्हा यांतले थोरले मिसरूड फुटलेले होते.

मी गुहागर तालुक्यात तीस वर्षं शिकवलं. मार्च २०००मध्ये दहावीला बसलेली माझी तुकडी १९८४च्या आसपास जन्मलेली. त्यातल्या एकाचा आज वेलदूरला ट्रॉलर आहे, एक जण सासरची हापूसची कलमं सांभाळते. पुरवणीच्या हिशेबाने हे नाव त्यांच्याकडून काढून त्यांच्या मुलांना जातं, ते मला पटत नाही.

लॅटिनमध्ये 'मिल्ले' म्हणजे हजार, 'आन्नुस' म्हणजे वर्ष. म्हणून इंग्रजीत लिहिताना एल दोनदा, तसा एनही दोनदा. पुष्कळ जण एक एन गाळतात. मुलांना मी सांगायची, ही जोडी 'आन्नुस'मधून आलेली आहे, ती मोडू नका. याच 'मिल्ले'तून मैल आला: डावं-उजवं मिळून एक, अशी रोमन सैनिकाची हजार पावलं. किलो हा ग्रीक 'खीलिओई'चा, म्हणजे हजाराचाच. आपलं सहस्र, फारसीतून आलेलं हजार आणि हा किलो एकाच मुळाचे. बंदरावर सुरमई 'किलोला हजार' अशी ओरडली जाते, तेव्हा एकाच घरातली दोन भावंडं शेजारी उभी असतात.

त्याच लेखात 'सहस्त्रक' असंही दोनदा आलंय. यात 'त' नाही. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेत छापखान्याने हाच 'त' घुसवला होता. ऐंशी वर्षं ओलांडून हजार पौर्णिमा पाहिलेल्या बाईच्या पत्रिकेवर चुकीचा शब्द नको, म्हणून मी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेतल्या.

दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी त्याच पानावर द्याव्यात. माझी ती तुकडी तुमची पुरवणी वाचते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गुहागर