चरित्राचे क्रियापद

महोदय,

‘बायोग्राफाइज’, म्हणजे एखाद्याचे चरित्र लिहिणे, हे इंग्रजी क्रियापद अलीकडे एका लेखात वाचले आणि आधी मुद्रणदोषच वाटला. शब्दकोश उघडल्यावर मात्र ते तेथे रीतसर नांदताना आढळले. ग्रीक ‘बिओस’ म्हणजे जीवन आणि ‘ग्राफेन’ म्हणजे लिहिणे, मुळात ओरखडणे. त्यांवरून आलेल्या ‘बायोग्राफी’ या नामाचा इंग्रजीतील एक प्रसिद्ध आरंभीचा वापर इंग्रज कवी ड्रायडनने १६८३ मध्ये प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेल्या चरित्रांच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मजकुरात केला. त्याच शब्दाला पुढे ‘आइज’ हा, तोही मूळचा ग्रीकच, प्रत्यय लागून हे क्रियापद घडले.

गंमत त्याच्या कर्माची आहे. आपण एखाद्याचे चरित्र लिहितो, म्हणजे कर्म चरित्र असते. ‘बॉस्वेलने जॉन्सनला बायोग्राफाइज केले’ (बॉस्वेल हा इंग्रज लेखक जॉन्सनचा चरित्रकार) अशा रचनेत मात्र खुद्द जॉन्सनच कर्म होतो, आणि त्या बिचाऱ्यावर एखादी शस्त्रक्रिया झाल्यासारखे वाटते. बहुधा म्हणूनच हा शब्द गंभीर लेखनापेक्षा थट्टेत अधिक शोभतो. ‘फोटोग्राफ’ हे नाम क्रियापद म्हणूनही सर्रास चालते, पण ‘बायोग्राफ’ला ते भाग्य लाभले नाही, ते नाव सुरुवातीच्या चलच्चित्रयंत्राकडे गेले.

मराठीत यासाठी ‘चरित्रणे’सारखा शब्द घडवण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने तो आवरावा, कारण ‘चरित्र लिहिणे’ यात कसलीही उणीव नाही.

आपला,
एक वाचक