किर्लोस्कर बेळगावातून का गेले, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

२० जूनच्या पुरवणीतला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांवरचा लेख वाचला. लेख छान आहे, कागदही नेहमीपेक्षा छान होता. चिकाटी, सचोटी, दूरदृष्टी, साधी राहणी असा एकेक गुण रंगीत चौकटीत बसवलाय आणि शेवटी 'सीमाभागातल्या तरुणांनी हा आदर्श घ्यावा' असा सल्ला. घेतो की! पण 'काही काळ बेळगावात व्यवसाय करून ते किर्लोस्करवाडीला स्थलांतरित झाले' एवढ्या एका वाक्यात लेखकमहाशयांनी वीसेक वर्षं कुठे गडप केली, तेवढं आधी सांगा. म्हणे स्थलांतरित झाले! जसं काही इथली हवा मानवेना म्हणून निघाले.

सायकलींचा धंदा १८८८ चा. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इथे विकायचे, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचे. हे रामूअण्णा तुमच्या लेखात शोधूनही सापडले नाहीत. बेळगावात पाठीशी हा भाऊ नसता तर हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनाला दिल्यावर मुंबईतली मास्तरकी सोडून यायला लक्ष्मणरावांना आधार कुणाचा होता? मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. म्हणजे तुमच्या पहिल्या चौकटीतली चिकाटी याच गावात कसाला लागली. आणि नांगर जरा चालायला लागला तेव्हा पालिकेनं काय केलं? गावाची वाढ करायची आहे, जागा खाली करा!

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थानिकाला जे कळलं ते आमच्या पालिकेला कळलं नाही. गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं, माणूस आपल्याच मातीतला, आणि कारखाना गेला पार सांगलीकडे. आपल्या वाट्याला आला किर्लोस्कर रोड. दिवाळीच्या खरेदीला बरा आहे.

मला हे इतकं झोंबायचं कारण घरचं आहे, ते लपवत नाही. आमच्या वडिलांची दोन लेथची, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांची, शेड होती, गल्लीच्या टोकाला. पंपाच्या शाफ्टचं जॉबवर्क यायचं. शेड उभी राहिली तेव्हा भोवती भाताची शेतं होती. घरं नंतर आली, आणि घरांबरोबर आवाजाच्या तक्रारी आल्या. मग एका कार्यालयातून नोटीस : हा रहिवासी विभाग आहे, आठ दिवसांत यंत्रं हलवा. वडील कागद घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी कागद उलटूनही बघितला नाही. 'कारखान्यासाठी उद्यमबाग आहे की, तिकडं जावा' म्हणाले. जावा! जसं काही तिथे प्लॉट फुकट वाटत होते. शेवटी मच्छेकडे भाड्याची शेड घेतली, आणि तिथे थ्री फेज वीज मिळवताना चपला झिजल्या त्या वेगळ्याच.

लेथ हलवणं म्हणजे कपाट हलवणं नव्हे, हे त्या साहेबांना कुणी सांगावं! चेन पुली लावून बेड उचलला, ट्रकवर चढवला, नव्या जागी पाया घालून बसवला. पण नव्या फरशीखालची भर खचत होती. लेव्हल लावायची, चार दिवस बरे जायचे, की पुन्हा जॉब टेपर. शाफ्टचं एक टोक बरोबर, दुसरं टोक मापाबाहेर. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला आणि मग स्वतःही यायचं बंद झालं. वडील मायक्रोमीटर हातात घेऊन तोच शाफ्ट पुन्हा पुन्हा मोजत बसायचे. त्यांना कुणी पंतप्रतिनिधी भेटले नाहीत. जुन्या शेडच्या जागी आता अपार्टमेंट आहे आणि त्याच्या पार्किंगमधल्या गाड्या आपल्या शेडपेक्षा मोठा आवाज करतात, असं वडील म्हणायचे.

तर आदर्श घ्यायला आमची ना नाही. जागा कुठे द्यायची ते ज्यांच्या हातात आहे, त्यांनी कुणाचा आदर्श घ्यायचा, याचीही एक चौकट टाकली असती तर बिघडलं नसतं. तिथे जाहिरात टाकलीत.

कौटुंबिक जीवनाबद्दल तर काय बोलावं! 'पत्नी राधाबाईंची मोलाची साथ लाभली.' संपलं. अहो, घडी बसलेला बेळगावातला संसार मोडून, लहान मुलं घेऊन ही बाई निवडुंगाच्या माळावर जाऊन राहिली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे. तेच पुढे अमेरिकेत एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून आले. पुतणे शंकरराव, त्यांनी १९२० साली मासिक काढलं, तेही तुमच्या लेखात नाहीत. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रखवालीवर नेमलं, वाडीत शिवाशिव पाळू दिली नाही. मूल्यं म्हणतात ती ही. 'साधी राहणी' या दोन शब्दांत मावणारी नव्हेत.

आता फोटोचं. लेखाच्या मधोमध छापलेला पगडीवाला फोटो लक्ष्मणरावांचा नाही. ते अण्णासाहेब किर्लोस्कर, संगीत नाटकवाले. गाव एकच, आडनाव एकच, म्हणून माणूस एकच होत नाही. अण्णासाहेब १८८५ सालीच वारले, त्यांनी नांगर केले नाहीत. लक्ष्मणरावांवर १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं होतं, निदान त्यावरचा चेहरा तरी बघून घ्यायचा. दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. मागच्या वेळची दुरुस्ती वधू-वर जाहिरातींच्या खाली एवढ्या बारीक टाइपात होती, की ती मला शेजाऱ्यांनी दाखवावी लागली.

कळावे,
आपला एक जुना वाचक, अनगोळ, बेळगाव