क्रोशे किटमधले निखळणारे डोळे आणि सुटणारा रंग : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : फ्लेमिंगो तोरणाच्या क्रोशे किटबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचं फ्लेमिंगो तोरणाचं क्रोशे किट मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवलं. भाचीच्या बाळाचं बारसं होतं, पाळण्यावर टांगायला मला ते करायचं होतं. आम्ही नेरूळचे. थंडीपासून इथल्या खाडीत आणि डीपीएस तलावावर फ्लेमिंगो उतरतात, म्हणून आमच्या घरच्या बाळाला हाच पक्षी द्यायचा असं मी ठरवलं होतं.

पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं आहे, ‘तान्ह्या बाळांसाठीही सुरक्षित’. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे.

आधी डोळ्यांचं सांगते. पक्ष्याचं डोकं मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात) सहा मुके खांब, म्हणजे क्रोशेचे साधे आखूड टाके, घालून सुरू होतं, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, असे टाके वाढत जातात. टाके घटवून तोंड बंद करण्याआधीच डोळ्याची दांडी विणीतून आत घालून मागून वॉशर, म्हणजे डोळा अडकवून ठेवणारी चकती, दाबायचा असतो. नंतर आत बोट जात नाही. चांगल्या डोळ्याच्या दांडीला खाचा असतात. वॉशर बसला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि मग तो ओढून निघत नाही. आपल्या किटमधल्या दांड्या जवळपास गुळगुळीत आहेत. पक्षी पुरा झाला की डोळे ओढून पाहायची मला सवय आहे. पहिलाच डोळा हातात आला, वॉशर आत कापसात राहिला. बाकीचेही जरा जोर लावताच निघाले. एवढासा काळा मणी बाळाच्या घशात गेला तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको.

‘वॉशर नीट दाबला नसेल,’ असं आपल्या ग्राहक सेवेने कळवलं. मी वर्षानुवर्षं क्रोशे करते, हे उत्तर मला मान्य नाही. आणि हे किट नवशिक्यांसाठी म्हणून विकता ना? मग बाळाचा जीव त्यांच्या अंगठ्याच्या जोरावर सोडायचा का? पायांत घालायला दिलेली तार तर मी वापरलीच नाही. तान्ह्या बाळाच्या वस्तूत तार सुचवली कुणी?

दुसरं, गुलाबी सुताचा रंग कच्चा आहे. ओला पांढरा रुमाल दाबून धरला की डाग उमटतो, आणि पंखांची पांढरी कड पहिल्याच धुण्यात गुलाबी झाली. यावर आपलं उत्तर, ‘धुऊ नये.’ चार महिन्यांचं मूल हाताला लागेल ते चोखतं. त्याची वस्तू धुवायची नाही, तर करायचं काय?

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आपल्या पाकिटावर ते नाही. किट म्हणजे खेळणं नव्हे असं आपलं म्हणणं असेल, तर बाळांच्या सुरक्षिततेचा दावाही छापू नका. दोन्हीकडून बोलता येणार नाही.

माझे पैसे परत हवेतच, पण तेवढ्याने मी गप्प बसणार नाही. हे किट घेतलेल्या प्रत्येकाला डोळे काढून त्या जागी काळ्या दोऱ्याने भरतकाम करायला कळवा, सूत बदलेपर्यंत विक्री थांबवा आणि पाकिटावरची ती ओळ काढा. कुणीतरी आत्ता, या घडीला, हाच पक्षी बाळाच्या हातात देत असेल.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी दाद मागेन. निघालेले डोळे, डागाळलेला रुमाल आणि पाकीट जपून ठेवलं आहे. फोटो व बिल सोबत जोडलं आहे.

आपली,
एक ग्राहक
नेरूळ, नवी मुंबई