लाल पेन चुकीच्या ठिकाणी फिरते आहे

महोदय,

मोबाइलवरच्या मेसेजनी मुलांचे इंग्रजी बिघडवले, ही तक्रार पालकसभेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण बोट भलतीकडेच दाखवले जाते. 'ग्रेट'ची शेवटची अक्षरे गाळून तिथे आठाचा आकडा लिहिणारे मूल फारसे धोक्यात नसते. आठाला इंग्रजीत काय म्हणतात आणि 'ग्रेट'चा शेवट कसा उच्चारतात, हे दोन्ही ठाऊक असल्याशिवाय ही युक्ती सुचतच नाही. उत्तरपत्रिकेत ती चूक लगेच डोळ्यांत भरते आणि एक-दोनदा टोकले की सुटते. खरे नुकसान होते ते वाक्याचे, आणि तिथे आपले लाल पेन क्वचितच फिरते.

हे संक्षेप आळसातून जन्मले नाहीत. पहिला एसएमएस १९९२ च्या डिसेंबरात गेला. एका संदेशात १६० अक्षरे मावत आणि कळांच्या जुन्या फोनवर 'यू' हा तीन अक्षरी शब्द पूर्ण लिहायला नऊ, सहा आणि आठ या कळा मिळून आठ वेळा दाबाव्या लागत. नुसते 'यू' हे अक्षर दोनदा दाबून उमटे. देवनागरीत तर एका संदेशात जेमतेम ७० अक्षरे बसत, त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जात. 'विद्यार्थी' या एका शब्दाला दहा जागा! त्यामुळे आपल्याकडची मराठीही रोमन लिपीत गेली. आज या मर्यादा उरल्या नाहीत, सवय उरली.

मेसेजच्या भाषेने काही बिघडत नाही, असे म्हणणारे ब्रिटनमधील संशोधनाचा दाखला देतात. कोव्हेंट्री विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये १० ते १२ वर्षांच्या मुलांबद्दल जे निष्कर्ष मांडले, त्यात असे संक्षेप जास्त वापरणाऱ्या मुलांचे शब्दवाचन उलट चांगले आढळले होते. ते खोडून काढायचे कारण नाही. मात्र ती मुले इंग्रजी ऐकत वाढलेली. 'द' कुठे लागतो हे त्यांच्या कानाला आधी कळते, मग ती तो गाळतात. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे; तरीही मराठी माध्यमाच्या बहुतेक मुलांच्या वहीतले इंग्रजी फळ्यावरून किंवा गाइडमधून उतरवलेले असते. स्वतःच्या मनातले इंग्रजी ती लिहितात ते फोनवरच. म्हणजे गाळलेले रूप आधी हाताला वळते आणि पूर्ण रूप नंतर, कधी कधी कधीच नाही.

आता 'यू-आर' ही दोन अक्षरे घ्या. 'तुझे' या अर्थाचा 'युअर' आणि 'तू आहेस' या अर्थाचा 'यू आर' या दोन्हींचे काम ती करतात. 'यू-आर लेट' आणि 'यू-आर बुक' फोनवर सारखेच दिसतात. पेपरात संक्षेप सोडवायची वेळ आली की मूल 'युअर लेट' लिहिते, कारण इथे क्रियापद दडले आहे याची जाणीवच पुसट झालेली असते. इंग्रजी दोनचा आकडा तर 'कडे', 'सुद्धा' आणि 'दोन' अशा तीन शब्दांसाठी राबतो. 'द'साठी नुसता 'डी' लिहितात, पुढे तोही गळतो. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते गळल्याचे आपल्या मुलांना खटकत नाही.

प्रश्नवाक्याचे हाल याहून वाईट. मराठीत 'तू येतोयस?' हे नुसत्या सुरावर प्रश्न होते. मेसेजमध्येही 'यू कमिंग?' एवढ्याने भागते. दोन्हीकडून एकच सवय पक्की होते आणि 'आर यू कमिंग?' ही उलटापालट हाताखालून जातच नाही. मग दहावीच्या संवादलेखनात 'व्हाय यू डिडन्ट केम?' येते. यात दोन चुका आहेत: 'डिडन्ट' कर्त्याच्या आधी आला नाही आणि भूतकाळ दोनदा लागला. स्पेलिंग सगळे बरोबर, म्हणून तपासणाऱ्याची नजरही पुष्कळदा पुढे सरकते.

विरामचिन्हांचे कारण आणखी साधे आहे. चॅटमध्ये ओळ संपली की पाठवायचे बटण दाबतात, तोच पूर्णविराम. एकेक ओळ स्वतंत्र जाते, त्यामुळे 'बिकॉज', 'ऑल्दो', 'सो दॅट' यांनी दोन वाक्ये सांधण्याची गरज पडत नाही. आरंभीचे कॅपिटल अक्षर, 'मी' या अर्थाचा कॅपिटल 'आय', 'डोन्ट'मधला ॲपॉस्ट्रॉफी हे सगळे फोन आपण होऊन घालतो. कागदावर ते घालणारे कोणी नसते. फोन 'टुमॉरो'चा जादा 'एम' काढून टाकतो, पण 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडले तर बहुधा गप्प बसतो, कारण तोही खरा शब्दच.

रोमन मराठीकडे तर कोणी बघतच नाही. 'झाला' हा शब्द मुले 'झेड'ने लिहितात, 'जे-एच'ने लिहितात, 'झेड-एच'नेही लिहितात आणि तिन्ही चालतात. 'वेळ'ला 'व्ही' लावा की 'डब्ल्यू', वाचणाऱ्याला कळते. दिवसभर हीच अक्षरे अशी वापरल्यावर 'वाचता आले म्हणजे स्पेलिंग बरोबर' हा नियम मनात घट्ट बसतो. इंग्रजीत तो लागू पडत नाही.

उपाय फोन काढून घेण्यात नाही. आठवीपासून आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे द्यावीत. फळ्यावर एक मेसेज लिहावा: 'कान्ट कम टुडे, मॉम नॉट वेल, विल गिव्ह नोटबुक टुमॉरो, यू टेल मॅडम.' पहिली तीन मिनिटे एकच प्रश्न: कोणते शब्द गळले? 'आय' दोनदा, 'बिकॉज', 'माय', 'इज', 'यू', 'द'. एवढ्याशा मेसेजात सात शब्द. पुढची सात मिनिटे मुलांनी तो पूर्ण वाक्यांत कागदावर लिहावा. पूर्णविराम कुठे आणि का, ते शेजाऱ्याला सांगावे. उरलेल्या पाच मिनिटांत दोघा-तिघांनी मोठ्याने वाचावे. 'तू सांग मॅडमना' हे मराठीत आपलेपणाचे वाटते, पण 'यू टेल मॅडम' इंग्रजीत हुकूम होतो, तिथे 'प्लीज' हवे. हे वाचतानाच लक्षात येते. वर्गात मुलांचे खरे मेसेज मात्र मागू नयेत. ते खासगी असतात, आणि मुले लाजून गप्प बसतात.

महिन्यातून एकदा हाच खेळ उलटा खेळावा. चार वाक्यांचे औपचारिक पत्र देऊन ते १६० अक्षरांत बसवायला सांगावे. 'द' गेला, 'इज' गेला तरी निभावते. 'नॉट', वेळ आणि नाव गेले की अर्थ बुडतो. कोणता शब्द गाळता येतो हे ज्याला सांगता येते, त्याला वाक्य कळलेले असते.

घरी पालकांना एक गोष्ट करता येईल. फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड वापरत असाल तर त्यावरच्या दातेरी चाकाच्या चिन्हातून मजकूर-दुरुस्तीच्या विभागात जावे. तिथले शब्दसूचना, ऑटो-करेक्शन आणि ऑटो-कॅपिटलायझेशन हे तीन पर्याय रविवारपुरते बंद ठेवावेत. त्या दिवशी मुलाने इंग्रजीत एकच पूर्ण मेसेज लिहावा, पाच-सहा वाक्यांचा. फोन रोज किती चुका झाकतो, ते त्याचे त्यालाच दिसेल.

तपासणीबाबतही बोलले पाहिजे. न्यूझीलंडच्या परीक्षा प्राधिकरणाने २००६ मध्ये इतर विषयांत अर्थ स्पष्ट असेल तर संक्षेप चालवून घेण्याचे आणि जिथे भाषाच तपासायची त्या इंग्रजीत न चालवण्याचे धोरण जाहीर केले. ही विभागणी आम्हाला रास्त वाटते. विज्ञानाच्या उत्तरात 'बिकॉज'चे दोनच अक्षरी रूप दिसले म्हणून गुण कापू नयेत. इंग्रजीत मात्र एका निबंधावर तीसेक लाल गोल काढण्याऐवजी एका वेळी तीनच गोष्टी तपासाव्यात: क्रियापद आहे का, प्रश्नाची उलटापालट झाली का, वाक्य संपले का. बारावीच्या युवकभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात 'व्हर्च्युअल मेसेज' लिहिण्याचा घटक आहेच. त्यात तिसऱ्या व्यक्तीसाठी निरोप लिहिताना 'आय' म्हणजे नेमके कोण आणि 'टुमॉरो' म्हणजे कोणता दिवस, इथेच मुले अडखळतात. हा घटक शेवटच्या आठवड्यात उरकण्याऐवजी जूनमध्येच घ्यावा आणि नववीपासून त्याची तयारी सुरू करावी, अशी शाळांना विनंती आहे. आपल्यासारख्या दैनिकांनी विद्यार्थ्यांच्या पानावर दर आठवड्याला असा एक तुटका मेसेज छापला, तर छोट्या गावांतल्या शिक्षकांना फळ्यावर लिहायला तयार मजकूर मिळेल.

— माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे दोन शिक्षक, सातारा