नवीन प्रजातीचं नुसतं नाव नको, ती ओळखली कशी तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात अधूनमधून समुद्रात नवीन प्रजाती सापडल्याच्या बातम्या येतात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण एवढ्याशा कोळंबी-खेकड्यांसाठी पेपरात जागा मिळणं सोपं नाही हे मला माहितीये. पण प्रत्येक बातमी एकाच ठिकाणी येऊन थांबते. फोटो, लॅटिन नाव, ते कोणावरून ठेवलं, संपलं. २०१७ मध्ये पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका गुलाबी नांगीवाल्या कोळंबीला पिंक फ्लॉइड बँडवरून सिनाल्फियस पिंकफ्लॉइडी असं नाव दिलं तेव्हा जगभर हेच झालं, बँडचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण ही वेगळी जात आहे हे ठरवलं कसं ते फार कोणी सांगितलंच नाही. खरं तर गोष्ट तिथेच आहे. पलीकडे कॅरिबियनमध्ये जवळजवळ तशीच दिसणारी सिनाल्फियस अँटिलेन्सिस नावाची कोळंबी १९०९ पासून माहिती होती. मधे पनामाची जमीन वर आली, दोन समुद्र सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी कायमचे तुटले, आणि दोन्हीकडची कोळंबी आपापल्या वाटेने बदलत गेली, आता ती एक की दोन हे शरीराची मापं आणि डीएनए दोन्ही ताडून बघितल्यावरच कळलं.

मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलं, म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं समजते. आमच्याकडे रत्नागिरी ते मालवण पट्ट्यात खडकाळ किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत हे आपल्याच बऱ्याच लोकांना माहिती नसतं. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि पाण्यात डोकं घातलंत की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज चारी बाजूंनी येतो ना, तो बहुतेक ह्या पिंक फ्लॉइडवाल्या कोळंबीच्याच घराण्यातल्या कोळंब्यांचा असतो. एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी, ती इतक्या जोरात मिटते की पाण्याची धार सुटते, तिच्या मागे बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज. आधी सगळ्यांना वाटायचं की नांगीच नांगीवर आपटते, २००० साली हायस्पीड कॅमेऱ्याने बघितलं तेव्हा बुडबुड्याचं कळलं.

एकदा मोठ्या ओहोटीला एका विद्यार्थ्याने खडकाच्या कपारीतून सुटून आलेला मुठीएवढा स्पंज बादलीत घालून आणला. लॅबमध्ये पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घेऊन तो हळूहळू उकलला तर आतल्या नळ्यांमधून तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही जरा मोठ्या, हिरवट पारदर्शक कोळंब्या बाहेर यायला लागल्या. एक काचेच्या बीकरमध्ये टाकली आणि टक्क करून असा आवाज झाला की मुलांना वाटलं बीकरला तडा गेला, दोघांनी बीकर उचलून खालून बघितला. मग मायक्रोस्कोपखाली डोकं बघितलं. डोळ्यांवर कवचाचं झाकण असतं, त्यातून डोळे आतून दिसतात, आणि समोर कपाळावर त्रिशुळासारखी तीन टोकं. हे त्रिशूळ दिसलं की सिनाल्फियस म्हणायचं (हे अनेक जातींच्या गटाचं नाव, आडनावासारखं), दुसऱ्या पायाच्या मनगटाचे पाच तुकडे मोजायचे, इथपर्यंत आम्ही पोचलो. त्याच्यापुढे अडकलो. कुठली जात? तीन टोकांतलं मधलं किती लांब, नांगीच्या बोटाचं तळव्याशी प्रमाण काय, शेपटीच्या पाकळीवर काटे किती, हे सगळं जुन्या वर्णनांशी एकेक करून जुळवावं लागतं, आणि ती वर्णनं शंभर वर्षांत दहा देशांच्या जर्नल्समध्ये विखुरलेली. त्यात स्पिरिटमध्ये टाकलं की रंग जातो, दोन दिवसात सगळ्या पांढऱ्या, म्हणून जिवंत असतानाच फोटो काढायचा असतो हेही आम्हाला उशिरा सुचलं.

एवढा बारीक हिशोब कशाला असं कोणी विचारलं तर मी बेलीझचं उदाहरण देते. बेलीझ म्हणजे मेक्सिकोला लागून छोटा देश, तिथे मोठी प्रवाळभिंत आहे आणि त्या भिंतीवर कॅरी बो के नावाचं अगदी एवढंसं बेट, तिथे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे. एमेट डफी नावाच्या शास्त्रज्ञाने तिथले स्पंज असेच फोडून आतल्या कोळंब्या एकेक मोजल्या. एकेका स्पंजमध्ये मोठमोठा गोतावळा, कुठे तर तीनशेच्या वर, आणि त्या सगळ्यांत अंडी असलेली मादी फक्त एक! म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी राणी, आणि बाकीच्या मोठ्या कोळंब्या परका कोणी आत घुसला की नांगी उगारून घर राखतात. अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्यात वाहून जात नाहीत, थेट चालायलाच लागतात आणि त्याच स्पंजमध्ये राहतात, त्यामुळे अख्खी वसाहत म्हणजे एकच कुटुंब असतं. मुंग्या, मधमाश्या, वाळवी ह्यांच्यात असं असतं हे माहिती होतं, पण समुद्रात असा प्राणी तोपर्यंत कोणी दाखवला नव्हता. १९९६ साली नेचर मासिकात हे आलं, आणि त्याच वर्षी डफींनी ती नवीन जात म्हणून रीतसर वर्णन करून सिनाल्फियस रेगॅलिस नाव दिलं, रेगॅलिस म्हणजे राजेशाही.

आता बघा, त्याच भिंतीवर, कधीकधी त्याच स्पंजमध्ये, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही राहतात. त्या सगळ्या एकाच नावाखाली मोजल्या असत्या तर एका स्पंजमध्ये एकच राणी हे गणित कधी जुळलंच नसतं, कुठे दोन माद्या अंडीवाल्या दिसल्या असत्या, कुठे पाच, आणि तो माणूस वही मिटून घरी गेला असता. आधी काटे मोजून जात वेगळी काढली म्हणून राणी दिसली. नावाचं काम हे शोधाच्या शेवटी करायचं बारसं नाही हो, बाकीचा सगळा अभ्यास त्याच्यावर उभा राहतो.

आणि नाव टिकतं ते नमुन्यावर. ज्या एका प्राण्यावरून वर्णन लिहिलं त्याला होलोटाइप म्हणतात, तो म्युझियममध्ये नंबर घालून जपतात, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला शंका आली तर तीच बाटली उघडून बघता येते. आपल्याकडे कोलकात्याला झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून हे करतंय. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या कोळंबीला बेटाचंच नाव देऊन पेरिक्लिमेनेला अगत्ती म्हणून नोंदवलं ते ह्याच पद्धतीने.

ह्याच्या उलट काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. लॅबचं नूतनीकरण निघालं, मे महिन्याच्या सुट्टीत, आणि जूनमध्ये मी येऊन बघते तर कपाट रिकामं. चाळीस-पन्नास वर्षांत आमच्या आधीच्या सरांनी, मुलांनी, आम्ही भरलेल्या बरण्या, आत पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्या (पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते), त्यावर किनारा, तारीख, ओहोटी, कोणी पकडलं ते. स्पिरिट बेसिनमध्ये ओतलं, बरण्या भंगारात दिल्या. कोणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही, त्यांना त्या घाणेरड्या जुन्या बरण्या वाटल्या. त्यातले काही किनारे आता जेटी आणि भरावाखाली गेलेत, तिथे काय राहत होतं हे सांगणारी तेवढीच वस्तू होती. मला अजूनही त्याचा त्रास होतो.

म्हणून संपादकसाहेब, एवढंच मागणं आहे की अशी बातमी छापताना दोन-तीन ओळी वाढवा. ही जात कोणासारखी दिसते आणि नेमकी कशामुळे वेगळी ठरली, नमुना कुठल्या म्युझियममध्ये ठेवलाय, आणि ज्यांनी तासन्तास मायक्रोस्कोपला डोळा लावून काटे मोजले त्यांची नावं. वाचकांना समजणार नाही असं अजिबात मानू नका, आमच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशी करंदी, जवळा, कोळंबी आणि टायनी हे नुसत्या नजरेने वेगळं करतात आणि कशावरून ते विचारलं तर बोट लावून दाखवतात.

त्या स्पंजमधल्या कोळंब्यांची एक छोटी बाटली माझ्याकडे घरी होती म्हणून वाचली. चिठ्ठीवर किनारा आहे, तारीख आहे, सिनाल्फियस एवढं लिहिलंय आणि पुढे जातीची जागा अजून मोकळी आहे. आपल्या वाचकांत ह्या गटाचा अभ्यास करणारं कोणी असेल तर कृपया पेपरच्या ऑफिसमार्फत कळवावं, मी बाटली घेऊन कुठेही यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, रत्नागिरी