कालवांच्या शेतीला बाजार द्या

मा. संपादक,

मी मालवणकडची. लहानपणी आईबरोबर सुकतीला (ओहोटीला) कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खायचे शिंपले (ऑयस्टर), फोडायला जायचे, हातपाय कापायचे, कंबर मोडायची आणि घरी यायचं जेमतेम वाटीभर. आता खाडीत बचत गटाच्या बायका बांबूचा तराफा बांधतात, त्याला दोऱ्या टांगतात, दोरीत रिकामे शिंपले ओवलेले असतात आणि त्याच्यावरच कालवं धरतात नि वाढतात. खाद्य विकत घ्यायला लागत नाही, कालव पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खातं, म्हणजे कोळंबीच्या तलावासारखा खाद्य-विजेचा खर्च नाही आणि जमीन पण नको! ज्या बाईकडे होडी नाही की सातबारा नाही तिला दुसरा कुठला धंदा असा जमणार सांगा.

सरकारची २०१७ ची कांदळवन (खाडीकाठची खारफुटी) संरक्षण व उपजीविका निर्माण योजना चांगलीच आहे, कारण कांदळवन राखलं तर कमाई हे लोकांना लगेच पटतं. पण माल काढल्यावर पुढे काय? बर्फ नाही, कोल्ड स्टोरेज लांब, व्यापारी म्हणेल तो भाव. केरळात कासरगोडकडे बायकांचे गट १९९० च्या दशकापासून शिनाण्यांची (कालवांसारख्याच हिरव्या शिंपल्यांची) शेती करतायत, आपल्याकडे का नाही वाढत? आणि एक, खाडीत सांडपाणी सोडणं आधी थांबवा, कालव जे पाणी गाळतं तेच खाणाऱ्याच्या पोटात जातं. तालुक्याला निदान एक तरी कालवांचं शुद्धीकरण आणि तपासणी केंद्र द्या, मग हॉटेलवाले स्वतःहून दारात येतील.

– एक वाचक, ता. मालवण