रेडिओ ऑफिसर काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काजूच्या बीतला ओलावा मोजणारं आमचं यंत्र यंदा कुडाळात खळ्यावर चाललं ते तुमच्यामुळे. हे चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

बी साठवायची तर ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास हवा, नाहीतर बुरशी धरते. आमच्याकडे मूठभर बी हातात खुळखुळवून ती वाळली की नाही ते सांगतात आणि जुन्या माणसांचा कान सहसा चुकत नाही. पण व्यापाऱ्यापुढे आकडा लागतो.

आमच्या यंत्रात धातूचे दोन पत्रे समोरासमोर आणि मधे बी. पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचा आकडा) ८० च्या घरात, हवेचा १. म्हणजे ओली बी पत्र्यांमध्ये ओतली की कपॅसिटन्स, म्हणजे पत्र्यांची विद्युतभार साठवायची क्षमता, वाढणारच. मात्र २० सेंमीचे दोन चौरस पत्रे ४ सेंमी अंतरावर ठेवले, तर रिकामे असताना जेमतेम ९ पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं एकक) भरतात, आणि पत्रे सर्किटला जोडणाऱ्या साध्या कोअॅक्स केबलचे (आत तार, भोवती धातूचं कवच, म्हणजे शील्ड) मीटरला १०० च्या आसपास! केबल जरा हलली की आकडा पळायचा. तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, "अरे, तू बी मोजतंस की वायर?"

मग वहीच्या पाठच्या पानावर तुम्ही काढून दिलेली आकृती मी जपून ठेवली आहे. एका पत्र्याला साइन वेव्ह द्यायची, दुसरा पत्रा थेट ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) उलट्या इनपुटला, शील्ड ग्राउंडला. ते इनपुट स्वतःच ग्राउंडच्या पातळीवर बसलेलं, त्यामुळे केबलच्या आतल्या तारेत आणि शील्डमध्ये व्होल्टेजच उरत नाही. व्होल्टेज नाही तर करंट नाही, आणि करंट नाही तर केबल मोजलीच जात नाही. आउटपुट ठरतं ते फक्त सेन्सर (म्हणजे ते पत्रे) आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून उलट्या इनपुटला जोडलेला फीडबॅक कपॅसिटर यांच्या गुणोत्तरावर. किती देखणी युक्ती आहे ही!

दुसरी गोष्ट जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचावी. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डावर मिठाचा पातळ थर बसतो आणि त्यातून करंट झिरपतो. तुम्ही इनपुटभोवती ग्राउंडची गार्ड रिंग (झिरपणारा करंट अडवणारं तांब्याचं कडं) काढायला लावलीत, सोल्डरिंगनंतर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायला लावलात, वर वॉर्निशचा हात द्यायला लावलात. सकाळच्या दवातही आकडा जागचा हलला नाही.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. उलट तुमचा जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) महिनाभर आमच्या पडवीत राहिला. उन्हात तापलेली बी आणि सावलीतली बी यांचे आकडे अजून जुळत नाहीत, तापमानाची भरपाई करायची आहे. गणपतीत घरी असाल तेव्हा बोर्ड घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
खळ्यावरचा पोरगा